धुक्यात दिवा खाली करा

जालना जिल्ह्यात धुके पडते असे पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला सांगितले, तर त्याला ते खरे वाटत नाही. मराठवाडा म्हटला की ऊन, टँकर आणि दुष्काळ एवढेच त्याच्या डोळ्यांसमोर येते. परंतु ज्याने डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाच-सहाच्या सुमाराला वडीगोद्रीकडून अंबडमार्गे जालन्याचा रस्ता धरला आहे, शहागडचा गोदावरीवरचा पूल ओलांडला आहे, किंवा जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या कडेने उसाच्या फडांमधून घनसावंगी-तीर्थपुरीकडे गेला आहे, त्याला विचारा. समोर पांढरी भिंत उभी असते. रस्ता त्या भिंतीतून निघतो आणि पाठीमागे पुन्हा भिंतीत जातो. आणि त्या भिंतीच्या पलीकडून काय येणार आहे, हे कोणालाच ठाऊक नसते.

आम्ही पेशाने कारकून. बी.कॉम. झालो आणि हिशेबाच्या वह्यांमध्ये आयुष्य गेले. आमच्या मालकीची मोटार नाही, होण्याची शक्यताही नाही. मग गाडीच्या दिव्यांवर आम्ही लिहिण्याचे कारण काय, असे कोणी म्हणेल. कारण एवढेच की आमच्या वस्तीतील गल्लीगणिक दोन-तीन तरुण ड्रायव्हर आहेत. कोणी पिकअपवर, कोणी छोटा हत्तीवर, कोणी काळी-पिवळीवर, कोणी स्टीलच्या सळया वाहणाऱ्या ट्रकवर, तर कोणी ट्रॅक्टरवर. जमीन नाही, नोकरी नाही, शिक्षण दहावी-बारावीला थांबले, की आपली पोरे स्टिअरिंग धरतात. त्यांच्या गाड्यांत आपलीच माणसे बसतात. ज्यांना गाडी चालविता येत नाही, ते ट्रॉलीवर नाही तर टपावर बसतात. म्हणून हा विषय केवळ मोटार बाळगणाऱ्यांचा नाही. तो आपल्या घरांतला आहे.

सामाजिक कार्याच्या निमित्ताने आम्हाला लग्ने आणि मयती दोन्ही चुकवता येत नाहीत. गेल्या काही वर्षांत धुक्यातल्या अपघातात गेलेल्या तीन तरुणांच्या मयतीला आम्ही गेलो. त्यांतला एक भाजीचा पिकअप चालवीत असे. पहाटे माल भरून बाजाराला निघालेला. रस्त्यात पंक्चर होऊन उभी असलेली उसाची ट्रॉली त्याला दिसलीच नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्याची आई आम्हाला म्हणाली, "दादा, माझ्या लेकराने लाइट लावली होती हो. सगळे म्हणतात लाइट चालू होती. मग दिसलं कसं नाही?"

त्या माउलीचा प्रश्न आम्ही बरेच दिवस डोक्यात घेऊन फिरलो. जुन्या ड्रायव्हरांना विचारले, एस.टी.च्या निवृत्त चालकांना विचारले, मिस्त्री लोकांजवळ गॅरेजवर बसलो, मिळेल ते वाचले. जे कळले ते हे की, दिवा लावला म्हणजे दिसतेच असे नाही. धुक्यात चुकीचा दिवा लावला तर उलट कमी दिसते. आणि आपल्या गाडीचा मागचा दिवा नसेल तर आपण दुसऱ्याचा जीव घेतो. कागदोपत्री मात्र एकच शब्द लिहिला जातो, 'धुक्यामुळे'. हा शब्द एकदा लिहिला की फाइल बंद होते. कोणाचाच दोष राहत नाही, ना वेगाचा, ना दिव्याचा, ना ट्रॉलीच्या मालकाचा. आपण तर नशिबावर हवाला न ठेवता कारण शोधणारी माणसे. तेव्हा या शब्दावर समाधान मानून चालणार नाही.

धुके आणि अप्परचा दिवा

धुके म्हणजे जमिनीला टेकलेला ढग. पाऊस बरा झालेला असतो, कालव्याला पाणी सुटलेले असते, रानात गहू-हरभरा-उसाला पाणी दिलेले असते. रात्री आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमीन झपाट्याने गार होते. तिच्या लगतच्या हवेतील वाफेचे बारीक थेंब बनतात आणि तरंगत राहतात. हा एकेक थेंब मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा, पण त्यांची संख्या अगणित. म्हणूनच नदीकाठी, तळ्याजवळ, ओढ्याच्या खोलगट जागी आणि भिजलेल्या फडांजवळ धुके दाट असते. चढावर गेले की विरळ होते. पुन्हा उतारावर गाडी एकदम त्यात शिरते. सूर्य वर आला की बहुधा आठ-नऊ वाजेपर्यंत ते विरते. हवामान खात्याच्या भाषेत एक हजार मीटरच्या आत दिसत असेल तर ते धुके, दोनशे मीटरच्या आत दिसले तर दाट आणि पन्नासच्याही आत आले तर अति दाट.

आता दिव्याचे पाहू. आपले ड्रायव्हर ज्याला अप्पर म्हणतात, तो दिवा सरळ आणि वर जातो. स्वच्छ अंधाऱ्या रात्री त्याने लांबचा रस्ता दिसतो. धुक्यात मात्र तोच प्रकाश समोरच्या लाखो थेंबांवर आदळतो आणि उलटा आपल्याच डोळ्यांवर येतो. उन्हात चुन्याच्या ताज्या भिंतीसमोर उभे राहिल्यावर डोळे दिपतात, तसेच हे. प्रकाश जितका जास्त, तितकी भिंत जास्त पांढरी. डिप्पर केला, म्हणजे दिवा खाली केला, की प्रकाश रस्त्यावर पडतो, डोळ्यांसमोरचे थेंब कमी उजळतात आणि पुढचा थोडा तरी रस्ता, कडेची पांढरी रेघ, खड्डा दिसतो. समोरून येणाऱ्याचेही डोळे दिपत नाहीत. म्हणून धुक्यातला पहिला नियम असा : अप्पर बंद, डिप्पर चालू.

हे आम्ही आमच्या गल्लीतील एका पोराला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "भाऊ, डिप्परवर तर दहा-पंधरा पावलंच दिसतं. अप्पर टाकलं की निदान उजेड तरी वाटतो." त्याच्या बोलण्यातच सगळे आले. उजेड वाटणे आणि रस्ता दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आम्ही त्याला सांगितले, "बाबा, एकदा उभ्या गाडीत बसून दोन्ही करून बघ." त्याने केले. दुसऱ्या आठवड्यात तोच दुसऱ्यांना सांगत होता.

फॉग लाइट ज्यांच्या गाडीला आहेत त्यांनी ते जरूर लावावेत. ते बंपरच्या खालच्या बाजूला बसविलेले असतात. त्यांचा प्रकाश रुंद, पसरट आणि खाली पडणारा असतो, म्हणून रस्त्याच्या दोन्ही कडा दिसतात. आपल्याकडे एक समजूत अशी की पिवळा रंग धुके फाडतो, म्हणून कित्येकजण हेडलाइटवर पिवळा कागद चिकटवतात. धुक्याचा थेंब प्रकाशाच्या लहरीपेक्षा पुष्कळ मोठा असतो, त्याला पिवळे-पांढरे सगळे सारखेच. फॉग लाइटचा उपयोग होतो तो त्याच्या जागेमुळे आणि पसरट प्रकाशामुळे. कागद चिकटवून फक्त आहे तो उजेड कमी होतो. टपावर किंवा बंपरवर एलईडीची झगझगीत पट्टी बसविण्याची जी हौस आली आहे, तिचा तर धुक्यात काडीचा उपयोग नाही. ती स्वतःलाही आंधळे करते आणि समोरच्यालाही. तो पैसा चांगल्या वायपरला आणि टायरला लावावा.

मागून कोण पाहते?

पुढच्या दिव्याची काळजी सगळे घेतात, कारण तो आपल्या कामाचा असतो. मागचा दिवा दुसऱ्याच्या कामाचा, म्हणून तो महिनोन्महिने बंद असला तरी कोणाला पत्ता नसतो. धुक्यात खरा घात होतो तो इथे.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ सालचे आहेत. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापर्यंत, आणि त्याखेरीज पुरेसा उजेड नसेल तेव्हा केव्हाही, गाडीचे दिवे लावलेच पाहिजेत, असे त्यांत आहे. मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे असेही आहे. 'केव्हाही' हा शब्द लक्षात ठेवा. सकाळचे आठ वाजले, दिवस उगवला, म्हणून दिवे बंद केले, हे धुक्यात चालत नाही. उलट राखाडी उजेडात राखाडी गाडी मुळीच ओळखू येत नाही.

नवीन मोटारींत आणखी एक फसगत आहे. पुढे दिवसा आपोआप लागणारी पांढरी पट्टी असते. ती चालू दिसली की चालकाला वाटते, आपले दिवे लागले. परंतु पुष्कळ गाड्यांत तिच्याबरोबर मागचे लाल दिवे लागत नाहीत. काही गाड्यांत 'ऑटो'वर बटण ठेवले की अंधार पडताच दिवे आपोआप लागतात. धुक्याच्या सकाळी मात्र बाहेर पांढरा उजेड असतो. त्या यंत्राला अंधार कळत नाही आणि दिवे बंदच राहतात. मालकाची महागडी गाडी चालविणाऱ्या आपल्या तरुणांनी हे विशेष लक्षात घ्यावे. बटण आपल्या हाताने फिरवावे आणि खाली उतरून मागे पाहावे. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा कायम चालू असतो, हे चांगले झाले. परंतु त्याआधीच्या कितीतरी गाड्या आजही आपल्या घरांत आहेत. त्यांचा दिवा हातानेच लावावा लागतो, आणि मागचा बल्ब जुन्या-नव्या सगळ्याच गाड्यांचा उडतो.

काही गाड्यांना मागे एक खास लाल फॉग लाइट असतो. तो ब्रेकच्या दिव्याइतका प्रखर असतो. दाट धुक्यात तो लावावा आणि धुके विरळ होताच आठवणीने बंद करावा. नाही तर मागच्याचे डोळे दिपतात आणि आपण ब्रेक मारला की नाही हेही त्याला कळत नाही.

आता चारही इंडिकेटर एकदम लावून गाडी हाकण्याची पद्धत पाहा. धुके दिसले की आपल्याकडे बहुतेकजण हेच करतात, कारण त्यांना वाटते आपण सावध आहोत हे जगाला कळावे. परंतु ती खूण उभ्या किंवा बंद पडलेल्या गाडीची आहे. सगळेच चालत्या गाडीला ती लावू लागले, तर खरोखर उभी असलेली गाडी ओळखायची कशी? शिवाय चारही लुकलुकत असताना डावीकडे वळणार की उजवीकडे, हे मागच्याला समजत नाही. चालत्या गाडीला डिप्पर, मागचा लाल दिवा आणि असेल तर फॉग लाइट. चारही इंडिकेटर फक्त थांबल्यावर.

जमाखर्चाची वही

आम्ही हिशेबाची माणसे. आम्हाला ही गोष्ट वहीच्या भाषेत लवकर कळली. धुक्यात जेवढे अंतर दिसते ती आपली जमा. गाडी थांबायला जेवढे अंतर लागते तो खर्च. खर्च जमेपेक्षा जास्त झाला की दिवाळे निघाले, आणि इथले दिवाळे पैशांचे नसते.

ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. काहीतरी दिसले, ते काय आहे हे कळले आणि पाय ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद धरा. तेवढ्यात २५ मीटर संपले. पुढे ब्रेक लागून गाडी थांबेपर्यंत, रस्ता कोरडा, टायर चांगले आणि गाडी हलकी असेल तर आणखी २३-२४ मीटर. एकूण पन्नासच्या घरात. वेग ४० ठेवला तर हेच अंतर २७-२८ मीटरवर येते. वेग ८० असेल तर ७५ मीटरच्या आसपास जाते. आता रस्ता दवाने ओला, टायर गुळगुळीत आणि पाठीमागे माल किंवा माणसे भरलेली, असे असेल तर यात आणखी भर घाला.

धुक्यात मीटर कसे मोजायचे? रस्त्याकडेच्या विजेच्या दोन खांबांत बहुधा ४०-५० मीटर अंतर असते. पुढचा एकच खांब दिसत असेल तर जमा पन्नासच्या आत आहे. मग वेग ३०-४०च्या वर नकोच. पुढचा खांबही दिसत नसेल, तर चालत्या माणसाच्या बेताने जावे किंवा थांबावे. पुढच्या गाडीचा लाल दिवा धरून तिच्या शेपटीला चिकटून जाण्याची सवय फार घातक आहे. तो खड्ड्यात गेला की आपणही गेलो. तो अचानक थांबला की आपण त्याच्या अंगावर आणि मागचा आपल्या अंगावर. त्यापेक्षा डाव्या कडेची पांढरी रेघ धरून जावे. काचेवर आतून वाफ धरते, ती ब्लोअर लावून किंवा फडक्याने पुसून काढावी. गाणी बंद करून खिडकी थोडी उघडी ठेवावी. जिथे डोळा चालत नाही तिथे कान उपयोगी पडतात.

एकमेकांवर गाड्या आदळत जाण्याचा प्रकार केवढा मोठा होऊ शकतो, याची उदाहरणे आहेत. ११ डिसेंबर १९९० रोजी अमेरिकेच्या टेनेसी राज्यात एका महामार्गावर दाट धुक्यात ९९ वाहने एकमेकांवर आदळली आणि १२ माणसे मेली. आपल्या देशात डिसेंबर २०१८ मध्ये हरियाणातील झज्जरजवळ पन्नासच्या आसपास वाहनांचा असाच चुराडा झाला. टेनेसीच्या लोकांनी अपघातानंतर त्या रस्त्यावर धुके ओळखणारी यंत्रे बसविली, धुक्याप्रमाणे वेगमर्यादा कमी करणारे फलक लावले आणि फारच दाट धुके असेल तर रस्ता बंद करण्याची सोय केली. म्हणजे दोष धुक्यावर ढकलून ते मोकळे झाले नाहीत.

आपल्या जिल्ह्यातून आज ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जातो. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी आणि जून २०२५ मध्ये तो मुंबईजवळ आमण्यापर्यंत पूर्ण सुरू झाला. मोटारीला तिथे ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. पण ती मुभा स्वच्छ हवेतली आहे, धुक्यातली नव्हे. ऑक्टोबर २०२३ मध्ये वैजापूरजवळ याच मार्गावर सैलानीहून नाशिककडे परतणाऱ्या भाविकांची गाडी मध्यरात्री ट्रकवर मागून आदळली आणि १२ जण गेले. ती रात्र होती, तिथे धुक्याचा प्रश्न नव्हता. मग दाट धुक्यात त्याच वेगाने गेल्यास काय होईल, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

उसाची ट्रॉली आणि आपली बिऱ्हाडे

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा लेख लिहावयास बसलो, तिच्याकडे येतो. धुक्याचा काळ आणि साखर कारखान्यांचा गाळप हंगाम एकच असतो. अंकुशनगर आणि तीर्थपुरीच्या कारखान्यांकडे जाणारे रस्ते तेव्हा रात्रंदिवस ट्रॅक्टर, डबल ट्रॉल्या आणि बैलगाड्यांनी भरलेले असतात. आपल्या जिल्ह्यातील मंठा, परतूर, अंबड, घनसावंगी, भोकरदन भागातून कितीतरी कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकातही जातात. भांडीकुंडी, शेरडे, लेकरे सगळी ट्रॉलीत आणि वर ताडपत्री. ती ट्रॉली रात्रभर चालते.

या ट्रॉलीच्या मागे दिवा असतो का? पुष्कळदा नसतो. असला तर वायर तुटलेली असते. वायर धड असली तर उसाचे वाढे लोंबून दिव्यावर येतात आणि दिवा झाकला जातो. लाल फडके बांधलेले असते, पण फडके अंधारात आणि धुक्यात काय दिसणार? ऊस ट्रॉलीच्या बाहेर हातभर आलेला असतो. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ट्रॉली दिसण्याआधी उसाची टोके लागतात. चाक फुटले की ट्रॉली तिथेच रस्त्यात उभी, चाकाला दगड लावलेला, आणि ट्रॅक्टर घेऊन माणूस गावात गेलेला. बैलगाडीला तर दिव्याचा प्रश्नच नाही.

अपघात झाला की दोन्हीकडून गरीबच मरतो. ट्रॉलीतही आपलाच आणि मोटारसायकलवरही आपलाच. ट्रॅक्टरचा विमा असला तरी ट्रॉलीत बसलेल्या माणसाची भरपाई विमा कंपनी सुखासुखी मान्य करीत नाही, कारण शेतीच्या ट्रॉलीत माणसे बसविण्याची परवानगीच नसते. मग वारसांना कोर्टाच्या तारखा. आम्ही अशा कागदांची बाडे घेऊन बसलो आहोत, म्हणून सांगतो. नंतर कागद फिरविण्यापेक्षा आधी पट्टी चिकटविणे फार स्वस्त आहे.

ही पट्टी म्हणजे उजेड पडला की चमकणारी रिफ्लेक्टर टेप. तिला वीज लागत नाही, वायर लागत नाही, बल्ब उडत नाही. मागे लाल, पुढे पांढरी आणि बाजूला पिवळी अशी ती लावायची असते. ट्रॉलीच्या मागच्या फाळक्याच्या दोन्ही टोकांना लावली की तिची रुंदी मागच्याला कळते. आमच्या मंडळाच्या कार्यकर्त्यांनी वर्गणी काढून काही हंगाम हे काम केले. टोळ्या निघण्याच्या आधी रात्री ट्रॉली भरली जाते. तिथे जाऊन आधी चिखल पुसायचा, फाळके कोरडे करायचे आणि मग पट्टी दाबून बसवायची. चिखलावर लावलेली पट्टी दोन दिवसांत गळून पडते, हे पहिल्या हंगामात कळले. सुरुवातीला एक मुकादम म्हणाला, "ह्याने काय होतंय?" आम्ही त्याला शंभर पावले मागे नेले आणि ट्रॅक्टरवाल्याला ट्रॉलीच्या दिशेने बॅटरी मारायला सांगितले. एक ट्रॉली चमकली, दुसरी अंधारात होती तशीच राहिली. तो काही बोलला नाही. पण नंतर त्यानेच पोरांना हाका मारून उरलेल्या ट्रॉल्या पुसून घेतल्या.

पट्टी आहे म्हणून मागच्या दिव्याची माफी नाही. धुक्यात पट्टी चमकायला मागच्याचा उजेड तिथपर्यंत पोहोचावा लागतो. दिवा स्वतःहून दिसतो. म्हणून दोन्ही हवे. वाढे दिव्यावर येणार नाहीत असे बांधावे. ट्रॉली बंद पडली तर रस्त्याच्या पूर्ण खाली घ्यावी. घेता येत नसेल तर माणसांना आधी उतरवून रस्त्यापासून दूर, शेताच्या बाजूला बसवावे, आणि एकाने बॅटरी घेऊन पुष्कळ मागे, कडेला उभे राहून येणाऱ्यांना इशारा द्यावा. ट्रॉलीखाली किंवा तिच्या सावलीला लेकरे झोपवू नयेत. पिकअप-जीपवाल्यांनीही हेच करावे. गाडी बाजूला घेतल्यावर चारही इंडिकेटर चालू ठेवावेत, पण हेडलाइट बंद करावा. नाही तर मागून येणाऱ्याला वाटते, रस्ता तिकडेच जातो.

पाच डिसेंबरची रात्र

आपल्या समाजाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर पोहोचण्यासाठी जिल्ह्यातून शेकडो माणसे आदल्या रात्री जीप, क्रूझर, टेम्पोने निघतात. तो ऐन थंडीचा काळ. नाशिककडून गेले तर इगतपुरी-कसाऱ्याच्या घाटात धुके असू शकते. एका गाडीत वीस-पंचवीस माणसे, दोन रात्रींचा जागा ड्रायव्हर, आणि सगळ्यांना पहाटेपर्यंत पोहोचण्याची घाई. गाडी ठरविताना आपण फक्त भाडे ठरवितो. यापुढे गाडी निघण्यापूर्वी मागचे दिवे पाहावेत, ड्रायव्हर झोपलेला होता का हे विचारावे, आणि घाटात धुके असेल तर घाटाच्या आधी थांबण्याचा निर्णय सगळ्यांनी मिळून घ्यावा. बाबासाहेबांना अभिवादन सकाळी सहाला केले काय आणि अकराला केले काय, त्यात काही कमी होत नाही.

उशिराची किंमत

इतके सगळे समजावून सांगितल्यावर एका ड्रायव्हरने आम्हाला जे उत्तर दिले, ते आम्ही टाळू शकत नाही. तो म्हणाला, "भाऊ, तुमचं सगळं पटतं. पण मालक म्हणतो सातच्या आत माल पायजे. उशीर झाला की भाव पडतो, भाव पडला की माझा भत्ता कापतो. मी थांबू कसा?"

खरे आहे. थांबायचे कसे हे दिव्याच्या बटणापेक्षा अवघड आहे. रोजंदारीवरच्या बाईला अर्ध्या दिवसाचा खाडा परवडत नाही. कारखान्यातील कामगाराला गेट बंद होते. कार्यालयात मस्टरवर लाल शेरा पडतो, तो आम्हीही पाहिला आहे. मध्यमवर्गीय माणूस धुके पाहून चहाचा दुसरा कप घेतो. आपला माणूस धुके पाहून किक मारतो. तेव्हा केवळ ड्रायव्हरला उपदेश करून हा प्रश्न सुटणार नाही. माल मागविणाऱ्या व्यापाऱ्याने, गाडीच्या मालकाने, मुकादमाने, साहेबाने धुक्याच्या दिवशी दोन तासांचा उशीर धरून चालले पाहिजे. दुष्काळात टँकर उशिरा आला तर आपण समजून घेतो, तसेच हे. संघटनांनी, युनियननी ही मागणी लेखी करावी. साखर कारखान्यांनी दिवा आणि पट्टी नसलेले वाहन वजनकाट्यावर घेऊ नये. असे केले तर मालक दुसऱ्याच दिवशी दिवा बसवील.

आणि घरच्यांनीही एक करावे. "पोहोचला का? अजून का नाही पोहोचला?" असे गाडी चालविणाऱ्याला फोनवर फोन करू नयेत. उलट निघतानाच सांगावे की धुके असेल तर थांब, उशीर झाला तर चालेल. पोरांवर घाई लादणारे बाहेर पुष्कळ आहेत. निदान घरातून तरी त्याला थांबण्याची मोकळीक मिळावी.

येत्या थंडीत वाचकांनी एवढे करून पाहावे. रविवारी संध्याकाळी गल्लीतल्या गाड्या बाहेर काढा. एकाने आत बसून दिवे लावावेत, डिप्पर-अप्पर करावे, ब्रेक दाबावा, इंडिकेटर द्यावा. घरातल्या कोणीही, आईने, बायकोने, शाळकरी मुलीने, मागे वीस पावलांवर उभे राहून कोणता दिवा लागतो आणि कोणता नाही ते मोठ्याने सांगावे. काचा पुसाव्यात, उडालेला बल्ब दुसऱ्या दिवशी बदलावा, सायकलीला आणि बैलगाडीलाही लाल पट्टी लावावी. पाच मिनिटांचे काम आहे. त्या माउलीने आम्हाला विचारलेला प्रश्न दुसऱ्या कोणत्या घरात विचारला जाऊ नये, यासाठी पाच मिनिटे फार नाहीत.